पोपांविषयींचीं जुनीं भविष्यें आणि आपली श्रद्धा

(करकंब येथें ज्युबिलीप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली म्हणजे वर्षें मोजण्याचा प्रसंग. जुन्या करारांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि दास मोकळा व्हावा, असा नियम होता. अर्थात् वर्षें मोजावयाचीं तीं देवाचे उपकार स्मरण्यासाठीं आणि शेजाऱ्याचें ओझें हलकें करण्यासाठीं. परंतु वर्षें मोजण्याचा दुसराही एक प्रकार जगांत फार दिवस चालत आला आहे. जगाचा अंत किती जवळ आला, पोप आतां किती उरले, असें बोटांवर मोजीत भयभीत होऊन बसणें, हा तो प्रकार होय. २०२५ सालीं पोप फ्रान्सिस निवर्तले तेव्हां ही गणना जगांत पुन्हां ऐकूं आली. आणि हल्लीं मोबाईलच्या योगानें असल्या वार्तेला खेड्यांत शिरावयास घटकाभरही लागत नाहीं. म्हणून तिची छाननी येथें करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

या भविष्यांत सर्वांत प्रसिद्ध तें संत मलाकी यांच्या नांवावर चालणारें. मलाकी हे आयर्लंडांतील आर्माचे आर्चबिशप. ते ११४८ सालीं फ्रान्समधील क्लेरव्हो मठांत, आपले स्नेही संत बर्नार्ड यांच्या सान्निध्यांत, देवाघरीं गेले. त्यांना रोम येथें दृष्टांत होऊन ११४३ सालच्या सेलेस्टीन दुसऱ्यांपासून पुढील सर्व पोप दिसले, आणि प्रत्येकाविषयीं दोनतीन शब्दांचें एक लॅटिन सूत्र त्यांनीं लिहून ठेविलें, अशी समजूत आहे. सूत्रें एकंदर ११२. शेवटचा पोप 'रोमचा पेत्र'. त्याच्या काळीं छळ होईल, सात टेकड्यांचें नगर नष्ट होईल आणि न्यायाधीश प्रकट होईल, असें यादींत म्हटलें आहे.

आतां ही यादी प्रथम दिसली कधीं? १५९५ सालीं, व्हेनिस येथें छापलेल्या, आर्नोल्ड व्हिओन नांवाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाच्या ग्रंथांत. मलाकी वारल्यास तोंपर्यंत ४४७ वर्षें लोटलीं होतीं. संत बर्नार्ड यांनीं आपल्या मित्राचें चरित्र स्वतः लिहिलें; त्याला भविष्य जाणण्याची देणगी होती हेंही त्यांत सांगितलें; पण या यादीचा तेथें मागमूसही नाहीं. ज्याच्या मांडीवर डोकें ठेवावें त्याला ठाऊक नाहीं, आणि साडेचार शतकांनंतरच्या परक्याला ठाऊक आहे, हें कोणा विचारी माणसाला पटेल?

यादीच्या पोटांतील पुरावा याहून बोलका आहे. १५९० पर्यंतचीं सूत्रें पोपांच्या जन्मगांवाशीं, कुळाशीं, कुलचिन्हांशीं नेमकीं जुळतात. इतकेंच नव्हे, तर सोळाव्या शतकांतील इतिहासकार पानविनियो याच्या ग्रंथांतल्या चुकादेखील त्यांत उतरल्या आहेत. १५९० नंतरचीं सूत्रें मात्र एकाएकीं मोघम होतात. त्याच सालीं पोपांची निवडणूक लांबली होती, आणि उमेदवारांत ओर्व्हिएतो गांवचे कार्डिनल सिमोन्चेल्ली होते. त्या गांवाच्या लॅटिन नांवाचा अर्थ 'जुनें नगर'. आणि यादींतील त्या वेळचें सूत्र नगराच्या प्राचीनतेविषयींच आहे! त्यांना मतें मिळावीं म्हणून ही रचना झाली, असें अनेक अभ्यासकांनीं मानिलें आहे. परंतु निवडले गेले ते कार्डिनल स्फोन्द्राती, म्हणजे ग्रेगरी चौदावे. १६८९ सालींच मेनेस्त्रिए नांवाच्या एका येशूसंघीय धर्मगुरूंनीं ही यादी बनावट असल्याचें प्रतिपादन केलें होतें.

तथापि मोघम शब्दांत मोठी मोहिनी असते. 'आकाशांतील प्रकाश' हें सूत्र लिओ तेराव्यांच्या वांट्याला आलें, आणि त्यांच्या कुलचिन्हांत धूमकेतु निघाला. 'फुलांतील फूल' हें सहाव्या पॉलना लागू झालें, आणि त्यांच्या चिन्हावर लिलीचीं फुलें होतीं. परंतु जीं सूत्रें जुळलीं नाहींत त्यांची आठवण कोण ठेवतो? १११ वें सूत्र सोळाव्या बेनेडिक्टांचें. त्यांनीं २०१३ सालीं पद सोडिलें आणि फ्रान्सिस निवडले गेले. ते रोमचे नव्हेत, आर्जेन्टिनाचे. नांवानें पेत्रही नव्हेत. तेव्हां भविष्यवाद्यांनीं शोधून काढिलें कीं, असिसीच्या संत फ्रान्सिसांच्या बापाचें नांव पेत्र होतें! पुढें २१ एप्रिल २०२५ रोजीं पोप फ्रान्सिस प्रभूकडे गेले आणि ८ मे रोजीं लिओ चौदावे निवडले गेले. यादी संपली, जग चालूं आहे, आणि पेत्राचें आसनही रिकामें नाहीं.

सर्वच भविष्यवादी लबाड होते असें नाहीं. बाराव्या शतकांत इटलींतील फियोरेचे मठाधिपति योआकिम हे सात्त्विक पुरुष होते. त्यांनीं इतिहासाचीं तीन युगें कल्पिलीं: पित्याचें, पुत्राचें आणि पवित्र आत्म्याचें, आणि आपलें लिखाण ख्रिस्तसभेच्या निर्णयावर सोंपविलें. अनुयायांनीं मात्र हिशेब करून १२६० हें साल ठरविलें. त्या वर्षीं पेरुजियापासून निघालेल्या लोकांच्या झुंडी स्वतःला आसूड मारीत गांवोगांव फिरल्या. वर्ष सरलें, नवें युग कांहीं उजाडलें नाहीं. पुढें लोक एका देवदूततुल्य पोपाची वाट पाहूं लागले. १२९४ सालीं एका वृद्ध तपस्व्यास पोप केलें. तेच सेलेस्टीन पांचवे. माणूस खरोखर संत. पण कारभार झेपेना, म्हणून सुमारें पांच महिन्यांतच त्यांनीं पद सोडिलें. लोकांच्या स्वप्नाचा भार त्या बिचाऱ्या साधूला सोसावा लागला.

यावरून कोणी युरोपियनांस हंसूं नये. १९६२ च्या फेब्रुवारींत मकर राशींत अष्टग्रही झाली तेव्हां आपल्या देशांत ठिकठिकाणीं यज्ञ झाले, आणि प्रलयाच्या भीतीनें लोकांचा थरकांप उडाला. तसेंच आपण ख्रिस्ती लोकांनीं आपल्या हिंदु शेजाऱ्यांस अष्टग्रहीवरून हंसूं नये. कारण ग्रहांच्या जागीं पोप ठेविले कीं भीति तीच राहते. सोलापूर जिल्ह्याने १८७६–७८ चा दुष्काळ पाहिला, १९७२ चाही पाहिला. १९१८ च्या तापानें तर देशभर घरेंच्या घरें ओस पडलीं. त्या त्या वेळीं कित्येकांस हाच अंत असें वाटलें असेल. दुःख खरें होतें. अनुमान चुकीचें होतें.

मग ख्रिस्तसभा काय शिकविते? प्रभु पुन्हां येणार आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करणार, हें आपण श्रद्धासूत्रांत दर रविवारीं कबूल करितों. त्यांत तिळमात्र शंका नाहीं. परंतु तो दिवस व ती घटका देवदूतांसही ठाऊक नाहीं, पित्यालाच ठाऊक आहे, असें स्वतः प्रभूनें सांगितलें. म्हणून १५१६ सालीं पांचव्या लॅटरन धर्मपरिषदेनें अंताची ठराविक वेळ प्रवचनांतून सांगण्यास मनाई केली. खाजगी दर्शनांपैकीं ज्यांस ख्रिस्तसभेनें मान्यता दिली तींही श्रद्धेचा मूळ ठेवा नव्हेत. मग जिला मान्यता कधींच मिळाली नाहीं त्या यादीची काय कथा!

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. थेस्सलनीकाच्या मंडळींत प्रभूचा दिवस येऊन ठेपला अशी आवई उठली होती, आणि त्याच मंडळींत कित्येक कामधंदा सोडून लुडबुड करीत फिरत होते. संत पौलानें त्यांस निमूटपणें काम करून स्वतःची भाकर खाण्यास सांगितलें. भीतीचा हाच मोठा तोटा. जो घाबरला तो मुलाची शाळा, शेताची बांधबंदिस्ती, शेजाऱ्याशीं समेट, सारें उद्यावर टाकितो. किंवा जो कोणी खात्रीचा उपाय विकतो त्याच्या हातीं जाऊन पडतो. आपल्या भागांतील शेतकरी काळ्या रानांत शाळूची पेरणी करितो; पाऊस किती उरला हें त्यास ठाऊक नसतें. ठाऊक नाहीं म्हणून तो पेरणी सोडीत नाहीं, आणि पेरल्यावर राखण सोडीत नाहीं. प्रभूनें सांगितलेलें जागें राहणें तें हेंच.

पोपांची पारखही सूत्रांवरून होत नसते. १८८६ सालीं लिओ तेराव्यांनीं हिंदुस्थानांत धर्मप्रांतांची घडी बसविली. ज्या पुणें धर्मप्रांतांत आपला जिल्हा मोडतो तो त्या वेळींच स्थापन झाला. १८९१ सालीं त्यांनींच कामकऱ्यांच्या न्याय्य हक्कांसाठीं परिपत्रक काढिलें. त्या कार्याचें स्मरण ठेवूनच आजच्या पोपांनीं लिओ हें नांव घेतलें. सहावे पॉल १९६४ सालीं मुंबईस आले, दुसरे जॉन पॉल १९८६ सालीं पुण्यास आले. त्यांस ज्यांनीं पाहिलें त्यांनीं सूत्रें पाहिलीं नाहींत, आशीर्वाद देणारा मेंढपाळ पाहिला.

तेव्हां, बंधुभगिनींनो, वर्षें अवश्य मोजा. पण कृतज्ञतेनें मोजा. एखादा भेदरलेला शेजारी किंवा लेंकरूं असली यादी घेऊन आलें तर त्यास हिडिसफिडिस करूं नका. जवळ बसवा, ती कोठून आली हें शांतपणें सांगा, आणि त्याच्यासह एकदां प्रभूची प्रार्थना म्हणा. त्या प्रार्थनेंत आपण देवाचें राज्य येवो असेंच मागतों. जें येवो म्हणून रोज विनवितों, त्याच्या येण्याचें भय आपणांस कशाला? प्रभु येईल तेव्हां आपल्या दिव्यांत तेल असो आणि हातांत काम असो, हीच या मंगल प्रसंगीं त्याच्या चरणीं आमची प्रार्थना. आमेन.