सालींसकट आंबलेली, बुडबुड्यांची वाईन



आज ज्या वाईनबद्दल बोलणार आहे, तिचा रंग संत्र्याचा, पण संत्र्याशी तिचं नातं तेवढंच. ती द्राक्षांची आहे, तीही पांढऱ्या द्राक्षांची.

पांढरी वाईन करताना द्राक्षं दाबून रस लगेच सालींपासून वेगळा काढतात. लाल वाईन मात्र सालींसकट आंबते. तिला रंग आणि तुरटपणा मिळतो तो तिथूनच. पांढरी द्राक्षंही तशीच सालींसकट आंबू दिली, काही दिवस किंवा अगदी काही महिने, की नारिंगी वाईन तयार होते. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणांत अशी वाईन पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. २०१३ साली युनेस्कोनं ही रांजणांची पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. इटलीत, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून ओस्लाविया नावाचं गाव आहे. तिथल्या स्तांको रादिकोन आणि योश्को ग्रावनर या दोघांनी १९९० नंतरच्या दशकात सालींकडे पुन्हा वळायचं ठरवलं. ग्रावनर २००० साली जॉर्जियाला जाऊन आले आणि त्यांनी आपल्या तळघरात तसे रांजण पुरले.

त्यांच्या वाईनमध्ये बुडबुडे नसतात. मी चाखली ती फेसाळ होती, एमिलिया प्रांतातल्या पिआचेंझाच्या टेकड्यांवरची. द्राक्ष माल्वासिया दि कांदिया आरोमातिका. नाव लांबलचक, पण त्यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण हे द्राक्ष मुळातच सुगंधी आहे.

खरं सांगायचं तर तुरटपणा आणि बुडबुडे यांचं सहसा पटत नाही. बुडबुडे म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. त्यानं जिभेला आंबटपणाची चुणचुण लागते आणि सालींचा तुरटपणा अधिकच टोचतो. फेसाळ वाईन थंड पितात, आणि थंडीनं तर तो आणखी कडक होतो. म्हणूनच सालींवर आंबवलेली फेसाळ पांढरी वाईन इतकी कमी दिसते.

पेल्यात ती गढूळ, जर्दाळूच्या रंगाची. फेस भरभर आला आणि तितक्याच भरभर बसला. वास मात्र रेंगाळला: संत्र्याची फुलं, सुकं जर्दाळू, मागे कुठेतरी हिरव्या पाल्याचा उग्रपणा. नाकाला वाटलं, आता गोड लागणार. घोट घेतला तर साखर जवळजवळ नाहीच! आधी चुणचुण, मग हिरड्यांवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा, आणि गिळल्यावर पुन्हा तो फुलांचा वास. हा वास नसता तर ती वाईन मला सोसली नसती. सुगंधामुळे तुरटपणाला आधार मिळतो, असं माझं मत झालं आहे.

तिचे बुडबुडेही जुन्या रीतीचे. पूर्वी हिवाळ्याच्या थंडीनं तळघरातलं आंबणं अर्धवट थांबायचं, रसात थोडी साखर उरायची. वसंतात वाईन बाटलीत भरली की उबेनं यीस्ट जागं व्हायचं आणि वायू बाटलीतच कोंडला जायचा. आजही काही उत्पादक बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, पत्र्याचं बूच लावतात आणि गाळ काढत नाहीत. शॅम्पेनच्या बाटलीत साधारण सहा वातावरणांइतका दाब असतो. इथे तो अडीचच्या आत. एवढ्या सौम्य दाबातच तुरटपणा निभावतो.

आणि पिआचेंझाचं जेवण! डुकराच्या मानेच्या मांसाची मुरवलेली कोप्पा, सलामी, चरबीत तळून फुगवलेले मैद्याचे तुकडे. अशा स्निग्ध घासावर हीच वाईन एकदम शहाणी वाटते. चरबी तुरटपणाची धार बोथट करते, बुडबुडे जीभ धुऊन पुढच्या घासाला मोकळी करतात. नुसती चाखून तिच्याबद्दल मत बनवणं अन्यायाचं होईल. फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेरही राहू द्यावी.

अलीकडे काही जण सालींचा काळ महिनोन्‌महिने वाढवून वर बुडबुडेही देऊ पाहतात. मला ते पटत नाही. बुडबुडे नसलेल्या वाईनला तेवढा काळ मानवतो, कारण पुढे वर्षानुवर्षं मुरायला तिला सवड असते. ही वाईन ताजेपणी, जेवणाबरोबर प्यायची. तिला सालींचे मोजके दिवस पुरतात.