खेकडा अर्जात लिहा, कासव पाण्यात सोडा

(मलकापूर, ता. शाहूवाडी येथे वाड्या-वस्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यात होता तसाच ठेवला आहे.)

आया-मावश्यांनो, काका-मामांनो, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या पोरांनो, आत या, जागा आहे.

आम्ही घाटाखालची कातकरी पोरं. आंबा घाट चढून तुमच्याकडं आलो. तुमच्यात धनगरवाड्यावरची माणसं आहेत, कोणाची वाडी चांदोलीच्या हद्दीला लागून आहे, कोण तिथून उठवल्यावर दुसरीकडं बसलेली आहेत. जात वेगळी, बोली थोडी वेगळी. पण ओढा दोघांचाही तोच. जो कडवीला मिळतो त्याच्या डोंगराच्या त्या अंगाला आमचं पाणी खाली कोकणात जातं. म्हणून आज पाण्यातल्या खाण्यावर बोलायचं ठरवलं. जमिनीच्या दाव्यांवर मागच्या खेपेला बोलणं झालं. पाण्यावर कोणी बोलतच नाही.

आमच्याकडं दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला घरी येतात. आल्यावर हातात उचल फिटल्याचा हिशेब असतो, पैसा नसतो. शेतात लावणी सुरू व्हायला अवकाश. घरातलं धान्य संपलेलं. त्या दीड-दोन महिन्यांत चुलीवर काय शिजतं? खेकडं, मासं, रानभाजी. तुमच्यातही आषाढ फार वेगळा नसावा. तर हा काही जिभेच्या चोचल्याचा विषय नाही. शहरातून आलेला माणूस ढाब्यावर बसून खेकड्याचा रस्सा मागतो तो वेगळा, आणि लेकराच्या ताटात भाकरीबरोबर काहीतरी पडावं म्हणून रात्री ओढ्यात उतरलेली बाई वेगळी.

आता मुद्दा. २००६ साली वनहक्क कायदा झाला, २००८ च्या १ जानेवारीला त्याचे नियम आले. जमिनीचा दावा सगळ्यांना माहीत झाला, कारण त्यात सातबारा दिसतो. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्क आहेत, आणि त्यात स्पष्ट शब्दात लिहिलंय: मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पन्न, चराई, भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापर. धनगर काकांनो, चराई आणि मासे एकाच पोटकलमात शेजारी-शेजारी बसलेत. सामूहिक दाव्याच्या अर्जात, म्हणजे नमुना 'ब' मध्ये, मासे आणि पाणवठे यांच्यासाठी रकाना छापलेला आहे. आम्ही भरलेले अर्ज बघतो तेव्हा बहुतेक ठिकाणी तो रकाना कोरा असतो, नाहीतर "होय" एवढा एक शब्द.

"होय" लिहून भागत नाही. पुरावा लागतो. किमान दोन. आपण म्हणतो, आमच्याकडं कागद कुठला? पण नियमातच लिहिलंय की जाणत्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं तर तो पुरावा. आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी काय-काय पुरावा चालतो त्या यादीत चराईच्या जागा, कंदमुळं गोळा करायच्या जागा आणि मासेमारीच्या जागा आहेत. म्हणजे तुमच्या आजीला कुठल्या डोहाला काय म्हणतात, कुठल्या दगडाखाली काय बसतं हे जे ठाऊक आहे, ते कागदावर उतरवलं की दाव्याला जोडता येतं. ज्याला आपण अडाण्याचं ज्ञान म्हणून स्वतःच हसतो, तेच कामाला येणार.

मग लिहायचं काय? आम्ही खेकड्याचं उदाहरण घेतो, कारण ते घरोघरी आहे.

आधी जागा. ओढ्याचं नाव, डोहाचं नाव, कुठल्या वळणापासून कुठल्या वळणापर्यंत, आणि कोणाची वस्ती तिथं उतरते. मग काळ. रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसात खेकडं बिळातून निघतात, रात्री बांधावर, वाटेवर चालताना सापडतात. तेव्हा टेंभा नाहीतर बॅटरी घेऊन जायचं. पाऊस जोर धरला, ओढा गढूळ झाला की हे बंद. पाऊस उघडल्यावर पुन्हा दगडाखालचे, आणि पाणी आटत आलं की बिळातले. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पण अर्ज तपासणाऱ्याला माहीत नाही. "वर्षभर मासे-खेकडे धरतो" असं लिहिलं की त्याला खोटं वाटतं. महिन्यावारी लिहिलं की खरं वाटतं, कारण ते खरंच असतं.

मग पद्धत. बिळाच्या तोंडाशी ताज्या ओल्या मातीच्या गोळ्या असतील तर आत खेकडा आहे. तोंड कोरडं, गुळगुळीत, नाहीतर कोळ्याचं जाळं धरलेलं, तर हात घालायचा नाही. आत खेकडा सोडून भलतंच कोणी बसलेलं असायचं. हात घालायचा तो पाठीवरून, मागून. पुढून घातला तर डेंगा बोट सोडत नाही. काही घरांत वाकडं टोक केलेली बारीक सळई वापरतात. काठीला कोंबडीचं आतडं बांधून दगडाच्या फटीशी धरतात, खेकडा धरला की हळूच ओढतात. झटका दिला की सोडतो. आणि ती बांबूच्या कामट्यांची निमुळती बुट्टी, जिच्यात आत शिरता येतं पण बाहेर येता येत नाही. आमच्याकडं तिला एक नाव, तुमच्यात दुसरं. अर्जात तुमचंच नाव लिहा, प्रमाण मराठी शोधत बसू नका. त्या नावावरून कळतं की ही वस्तू गावात किती पिढ्यांची आहे. बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते, तेव्हा असल्या गोष्टी फार उपयोगी.

आणि नियम, जे आपण स्वतःवर घातलेत ते. खेकडा उलटा करून पोटाखालची झडप बघायची. अरुंद निमुळती असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मादीच्या झडपेखाली अंडी नाहीतर बारीक पिल्लं असली तर ती परत पाण्यात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच वाढतात, समुद्रातल्यासारखी पाण्यावर वाहून जात नाहीत. एक मादी मडक्यात गेली की एवढी सगळी गेली. आमच्या बायका हे शाळेत शिकलेल्या नाहीत. हेही लिहा. कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला जंगलाच्या, पाण्याच्या वापराचे नियम करायचा आणि नासधूस थांबवायचा अधिकार दिलाय. आपण आधीपासून तो वापरत होतो, एवढंच दाखवायचं.

साफ करायचं सांगू का? सांगतो, कारण पोरींना आता हे येईना झालंय. आणल्यावर ओलसर मडक्यात रात्रभर झाकून ठेवायचं, पोटातला चिखल निघतो. झाकणावर दगड ठेवा, नाहीतर सकाळी घरभर. मग धुवून आधी डेंगे मोडायचे, मग बारीक पाय. पाठीचं कवच मागून उचकटलं की दोन्ही बाजूंना पिसासारखं पांढरट दिसतं, ते काढून टाकायचं, तोंडाजवळची पिशवीही. पिवळा गर ठेवायचा, चव त्यात आहे. बारीक पाय पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायचे, तो रस कालवणात घातला की कालवण दाट होतं. बाकी भाजलेलं खोबरं, कांदा-लसूण चटणी, आमसूल ज्याचं त्याला ठाऊक. नाचणीच्या भाकरीबरोबर त्याला तोड नाही.

एक गोष्ट मात्र ऐका. पूर्ण शिजवा. शेतावर विस्तवात अर्धवट भाजून खायची पोरांना हौस असते. ईशान्येकडच्या मणिपूर, नागालँडात कच्च्या-अर्धकच्च्या खेकड्यातून एक जंत माणसाच्या फुफ्फुसात जातो. खोकला, थुंकीतून रक्त, आणि डॉक्टर टीबी समजून गोळ्या देत बसतात. चांगली उकळी आली की ती भीती राहत नाही.

आता कासवाकडं येतो. हे बोलायला अवघड आहे, पण न बोलता चालणार नाही.

आमच्या म्हाताऱ्यांनी कासव खाल्लेलं आहे. लपवायचं कारण नाही. डोह आटला की मऊ पाठीचं कासव चिखलात पुरून राहतं. काठीनं टोचत गेलं की ठक्क लागतं, ते काढायचं. परदेशातही खातात. अमेरिकेत एक कासव आहे, जबड्यानं झडप घालणारं, ते तिकडं काही राज्यांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात सापळा लावून धरतात, स्वच्छ पाण्यात काही दिवस ठेवून मग सूप करतात. कोणी तुम्हाला असलं चित्र मोबाइलवर दाखवेल आणि म्हणेल, बघा, तिकडं चालतं. तिकडचा कायदा तिकडं. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि ते मऊ पाठीचं, खालच्या कातडी झडपेनं मागचे पाय झाकून घेणारं कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बिबट्या त्याच अनुसूचीत. म्हणजे ते मारलं, धरलं, घरात मांस सापडलं तरी तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद. घोरपडीचं तेच.

"पण आपल्याला वनहक्क आहे ना?" असं परवा एका पोरानं विचारलं. नाही. मासे आणि पाण्यातलं उत्पन्न कायद्यानं दिलं, पण शिकार, सापळ्यात धरणं, प्राण्याच्या अंगाचा भाग काढणं, हे त्याच कायद्यानं हक्कांच्या बाहेर ठेवलंय. कितीही पिढ्यांची परंपरा असली तरी. ही वाटणी बरोबर की चूक यावर आपण भांडू शकतो, आमच्यातही दोन मतं आहेत. पण अर्जात कोणी उत्साहानं "मासे, खेकडे, कासव" असं लिहून दिलं, तर आपल्याच सहीनं कबुली दिल्यासारखं होईल. अख्खा रकाना त्या एका शब्दापायी अडकेल.

दुसरा धोका कायद्याहून मोठा आहे. गाडीतून माणसं येतात आणि विचारतात, वीस नखांचं कासव मिळेल का? लाखांचे आकडे सांगतात. पैशाचा पाऊस पाडायचा असतो त्यांना. मांडुळासाठी येतात तेच हे. महाराष्ट्रात अशा टोळ्या किती वेळा पकडल्यात, पेपरात येत राहतं. पकडलं जातं ते कासव हातात असलेलं आपलं पोरगं, गाडीतला साहेब फोन बंद करून बसतो. एकदा नखं मोजून बघा म्हणावं त्यांना. आपल्या मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीन नखं, चार पायांना बारा. वीस कुठून आणणार? नखं चिकटवलेली कासवं विकायची वेळ येईल. अशी माणसं वाडीत आली तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि ग्रामसभेत सांगा.

तिकडं कोकणात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. समुद्रातल्या कासवाची अंडी गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखायला सुरुवात झाली, आता पिल्लं समुद्रात सोडताना बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात, पैसे देतात. चांगलं आहे. तिथं गाव सुरुवातीपासून कामात होतं म्हणून जमलं. आपल्याकडं चांदोली १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि दर वेळी गावाला कळलं ते नोटीस आल्यावर. म्हणून आम्ही म्हणतो, कासव राखू, जरूर राखू, पण ग्रामसभेच्या ठरावानं. राखणारे आम्हीच आहोत हे आधी मान्य करा.

उद्यानाच्या आतल्या पाण्याचं काय, असं निवळ्याकडच्या माणसांनी विचारलं. वनहक्क कायदा अभयारण्याला आणि राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे, त्यामुळं दावा जरूर करा. पण दावा मंजूर व्हायच्या आत आत शिरून बुट्टी लावू नका. केस होईल आणि दावा बाजूला राहील. हद्दीबाहेरच्या ओढ्यात कोणी बुट्टी-बॅटरी हिसकावली तर भांडण करू नका. पंचनामा मागा, काय जप्त केलं ते लिहून मागा. आमच्यातल्या एका बाईची दोन खेकड्यांसकट बुट्टी गेली, कागद काहीच नाही. कागद नसला की घेणाऱ्याला जबाबदारी नाही. धरणाच्या पाण्यातली मासेमारी ठेक्यानं संस्थांना देतात, तो वेगळा विषय. ओढ्याचा आणि धरणाचा घोळ एका अर्जात घालू नका.

आणि जिलेटीन, ब्लीचिंग पावडर, विजेची तार टाकून मासं मारणारी आपलीच काही पोरं आहेत. एका स्फोटात डोह दोन-तीन वर्षं मुका होतो. १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून स्फोटक आणि विष दोन्हीला बंदी आहे. विषात रामेठ्याची साल आणि गेळाची फळंही येतात, झाडपाला आहे म्हणून सूट नाही. ज्या ग्रामसभेच्या डोहात जिलेटीन फुटतं, तिचा "आम्ही पाणी राखतो" हा ठराव कोण वाचणार?

तर काम असं. प्रत्येक वाडीनं दोन म्हातारी माणसं आणि दोन बाया निवडायच्या. बायाच, कारण ओढ्यात उतरतात त्या. त्यांनी सांगायचं, एका शिकलेल्या पोरानं किंवा पोरीनं लिहायचं: ओढे, डोह, महिने, माशांची नावं, बुट्टीचं नाव, सोडून द्यायचे नियम. खाली अंगठे. देवाचा म्हणून जिथं कोणी गळ टाकत नाही तो डोहही लिहा, त्याची सीमा लिहा. ज्या वाडीत वनहक्क समिती नाही त्यांनी आज जाताना आमच्याकडं नाव द्यावं. नमुना 'ब' च्या प्रती आणल्यात, पुढच्या बाजाराच्या दिवशी भरून आणा. पेन्सिलीनं भरा, आपण बसून वाचू आणि मग शाईनं.