जुगारातून उठणाऱ्याला हात



द्यूतसभा आपणां सर्वांच्या लक्षात राहते. त्यामागून आलेले अनुद्यूत मात्र आपण विसरतो. पांडवांनी हरलेले राज्य धृतराष्ट्राने परत दिले, पण इंद्रप्रस्थाच्या वाटेवर पुन्हा बोलावणे येताच धर्मराज माघारी फिरून फाशांपुढे बसला. राज्य मिळाले होते. बोलावणे नाकारण्याचे बळ मिळाले नव्हते.

आपल्या घरांतूनही हेच घडते. मुलगा मटक्यात किंवा मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात बुडाला की आई पाटल्या मोडते, वडील फंडातून पैसे काढतात, शपथ घातली जाते आणि आपण निश्चिंत होतो. कर्ज फिटते, ओढ उरते. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला; तरी घरातले काम घरालाच करावे लागते.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकाराची गणना दारूसारख्या व्यसनांबरोबर केली. तेव्हा उपचार तज्ज्ञाकडूनच व्हावेत. आम्ही घराकडे मागतो ते एवढेच : पगाराचा व बँकेचा व्यवहार, त्याच्या संमतीने, काही काळ दुसऱ्याने पाहावा, पण कर्जाचे हप्ते त्याच्याच कमाईतून जावेत. आणि तो पुन्हा घसरला, तर त्याच दिवशी घरी सांगण्याची त्याला भीती वाटू नये. कबुलीला शिव्या मिळाल्या की पुढचे कर्ज लपते. आणि लपविलेल्या कर्जापायी माणसे जिवाचे बरेवाईट करून घेतात.

थैली त्याच्यापासून दूर असू द्या. त्याचे पान मात्र आपल्याच पंक्तीला मांडा.