मारणारा कोण होता?

आपल्या नाशिकरोडला पंजाब मेल थांबते, माहितीये ना? आता ती फिरोजपूरला जाते. फाळणीआधी थेट पेशावरपर्यंत जायची. कृष्णचंदर यांची ‘पेशावर एक्सप्रेस’ ही उर्दू कथा वाचल्यापासून ती गाडी दिसली की मला तीच आठवते. त्या कथेत गोष्ट सांगते ती गाडीच. पेशावर ते मुंबई, आधी हिंदूंची कत्तल, मग सीमेच्या अलीकडे मुसलमानांची. सगळं तिच्याच प्रवासात.

कथा देवनागरीत मिळते, म्हणून मी ती आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकली. काकांचा लगेच रिप्लाय : ‘पण सुरुवात कोणी केली?’ झालं! तिकडचे किती, इकडचे किती, मोजणी सुरू. रात्रीपर्यंत दोघांनी ग्रुप सोडला. कथा मात्र कोणीच वाचली नव्हती.

तेव्हा मला मंटो आठवला. हा माणूस मुंबईत फिल्म कंपन्यांसाठी लिहायचा. जानेवारी 1948 मध्ये तो लाहोरला गेला आणि त्याच वर्षी त्याचं ‘सियाह हाशिये’ आलं. म्हणजे काळे समास. दंगलींवरच्या छोट्या छोट्या कथा, काही तर दोन-तीन ओळींच्या.

त्यातली एक ‘मिस्टेक’. सुरा पोट फाडत खाली जातो, पायजम्याची नाडी तुटते आणि मारणारा हळहळतो. कारण आता त्याला दिसतं, की मेलेला आपल्यातलाच होता. बस्स, कथा संपली. माणूस मारल्याचं दुःख नाही, चुकीचा मारला याचं आहे.

यात कोणाचाच धर्म लिहिलेला नाही. आम्ही कोड तपासताना इनपुट बदलून बघतो, तसं मी करून पाहिलं. मारणारा हिंदू धरा, मुसलमान धरा, शीख धरा. कथेतला एक शब्दही बदलावा लागत नाही. मोजणीला मंटोनं जागाच ठेवलेली नाही.

गेल्या रविवारी काका घरी आले होते. मी त्यांना ‘मिस्टेक’ मोठ्यानं वाचून दाखवली. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

‘मारणारा कोण होता?’ काकांनी विचारलं.

‘लिहिलेलं नाहीये, काका.’

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग चष्मा लावला आणि म्हणाले, ‘आण इकडे, मी वाचतो.’

तुम्हीही वाचा. भेटू पुढच्या भागात.