फायटर माशाचे पाणी
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शाळांना सुट्टी लागली की माशांच्या दुकानांत मुलांची गर्दी होते, आणि घरी हमखास येतो तो फायटर. ‘‘याला काही लागत नाही, बरणीतसुद्धा राहतो,’’ असे सांगून दुकानदार पिशवी हातात देतो. आज मला या एका वाक्याविरुद्ध बोलायचे आहे.

फायटर, म्हणजे बेटा स्प्लेन्डेन्स, मूळचा थायलंडचा. भातखाचरे आणि दलदली हे त्याचे घर. २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. अशा साचल्या पाण्यात प्राणवायू कमी. म्हणून त्याच्या कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याचा वेगळा अवयव असतो. टाकीसमोर थोडा वेळ बसून पाहा. मासा वर येतो, पृष्ठभागावर तोंड लावून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. या घोटाच्या बळावर तो बरणीत तगतो. पण तगणे वेगळे आणि सुखात असणे वेगळे. श्वास हवेतला असला, तरी त्याचे कल्ले आणि अंग चोवीस तास पाण्यातच असते. भातखाचर उथळ खरे, पण ते लांबवर पसरलेले असते. घाण जिरवायला तिथे माती आणि रोपे असतात. बरणीत यातले काहीच नसते.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नितळ पाणीही घातक असू शकते. पीएच ७ वरून ८ वर गेला, तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. मग मासा मलूल होतो, पर मिटून घेतो, परांच्या कडा कुजू लागतात.

यावरचा इलाज जिवाणूंकडे आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ घातक, तिसरा त्या मानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या खडीवर वस्ती करतात, आणि ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी टाकी मांडा, फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर खाणे टाकून ते कुजू द्या. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट दिसू लागले, की मासा आणा.

सगळे पाणी ओतून देणे आणि स्पंज नळाखाली खळखळून धुणे ही आपल्याला स्वच्छता वाटते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्या वस्तीचाच नाश करते. वीस लिटरच्या टाकीतून आठवड्याला पाच लिटर पाणी नळीने, तळाची घाण ओढत, बादलीत काढा. त्याच बादलीत स्पंज दोनतीनदा पिळा. तपकिरी पाणी सुटेल, तेवढे पुरे. नवे पाणी त्याच तापमानाचे हवे आणि त्यात क्लोरीन मारणारे थेंब हवेत. पाणी दिवसभर उघडे ठेवले तर क्लोरीन उडते, पण नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल, तर ते उडत नाही.

उन्हाळ्यात पाणी आटते आणि आपण वरून भर घालतो. पण वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासा वर येऊन हवा घेईल, जिवाणूंना ती सोय नाही. फिल्टर दिवसरात्र चालूच ठेवा. थंडीत मात्र हीटर लावून पाणी २४ ते २८ अंशांवर राखा.

कोकणात आणि मुंबईत देशी बदामाची झाडे जागोजाग आहेत. त्याचे गळून वाळलेले पान धुऊन टाकले, तर पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि ते या माशाला मानवते. पण पान टाकणे हा पाणी बदलण्याला पर्याय नाही.

दुकानदारांना माझी विनंती आहे: टाकी आज विका, मासा जिवाणूंची वस्ती बसल्यावर द्या. आणि पालकांना सांगणे असे, की तेवढे आठवडे टेस्ट किट मुलांच्या हाती द्या, रंग त्यांनाच जुळवू द्या, आकडे वहीत लिहू द्या. कुणाला घरी आणायचे तर आधी त्याच्या राहण्याची सोय करायची, हे त्यांना या सुट्टीत शिकता येईल.