दिलेल्या मताचा हिशेब

निवडणूक आली की उमेदवार मत मागायला दारात येतो. रस्ता, धानाचा बोनस, तेंदूपानाचा भाव यांबद्दल आपण त्याला विचारतो. पण तो आधी निवडून गेलेला असेल, तर तिथे त्याने स्वतःचे मत कुणाच्या पारड्यात टाकले, हे विचारायचे राहून जाते. आणि ते मत युद्धाचे असेल तर?

अमेरिकेत हा प्रश्न हिलरी क्लिंटन यांची पाठ सोडत नव्हता. इराकवर बळाचा वापर करण्याचा अधिकार अध्यक्ष बुश यांना देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला. त्या ७७ जणांत हिलरीबाई होत्या. २००८ च्या निवडणुकीसाठी त्या पक्षाची उमेदवारी मागू लागल्या, तेव्हा लोक सभांमधून विचारत, ‘ते मत चुकले असे म्हणाल का?’ त्यांचे उत्तर ठरलेले असे. त्या वेळी समोर असलेल्या माहितीवर मत दिले. शस्त्रनिरीक्षकांना इराकमध्ये शिरता यावे यासाठी दबाव हवा होता. आज कळते आहे ते तेव्हा कळते, तर असे मत दिले नसते. उमेदवारी मिळाली ती पहिल्यापासून युद्धाला विरोध करणाऱ्या ओबामांना. आपले चुकले, असे हिलरीबाईंनी सरळ लिहिले ते २०१४ मधल्या पुस्तकात.

‘त्या वेळची माहिती’ हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. माणूस पुढचे पाहू शकत नाही. पण त्या मतदानाआधी गुप्तचर यंत्रणांचा नव्वदहून अधिक पानांचा अहवाल सिनेटच्या सदस्यांना वाचण्यासाठी ठेवलेला होता आणि तो पूर्ण वाचणारे फार थोडे निघाले. तेव्हा मतदाराचा पुढचा प्रश्न असा हवा, की माहिती मिळवण्यासाठी तुम्ही काय केलेत?

आपल्याकडे हे विचारायला वाव कमी. युद्धापूर्वी संसदेचे मत घेतलेच पाहिजे, असे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. चीनचे आक्रमण परतवून लावण्याचा १४ नोव्हेंबर १९६२ चा लोकसभेचा ठराव एकमताने झाला. त्याच युद्धामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि आपल्या चांद्याचे मारोतराव कन्नमवार राज्याचे मुख्यमंत्री झाले. लोकांनी अंगावरचे सोने दिल्याच्या आठवणी जिल्ह्यात आजही निघतात. भद्रावतीचा दारूगोळा कारखानाही त्याच दशकातला. देशावर संकट असताना एकमत व्हावे, हे खरेच. पण एकमतात एकेकट्याचा हिशेब मागता येत नाही.

आता गडचिरोलीकडे पाहू. १९८० पासून या जंगलात एक वेगळे युद्ध चालले. त्याला कुठल्या सभागृहात मतदान झाले नव्हते. २००३ मध्ये सरकारने नक्षल गावबंदीची योजना आणली. नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही, असा ठराव गावाने करायचा आणि त्याबद्दल विकासकामांना निधी मिळायचा. कागदावर ही एक सरकारी योजना. पण भामरागड-एटापल्लीकडच्या माणसाने ग्रामसभेत हात वर करणे म्हणजे काय? हात कुणाचा, हे साऱ्या गावाने पाहिलेले. पोलीस ठाणे दूर आणि दलम जवळ. खबऱ्या ठरवून माणसे मारल्याच्या घटना कानावर येत असलेल्या. उलट, हात वर केला नाही तर दुसऱ्या बाजूचा संशय. कुणी मनापासून हात वर केला असेल, कुणी भीतीने. त्या हाताचा जबाब मात्र त्याला रोज द्यावा लागला.

मुंबईत १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले. कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचा हा कायदा आपल्या जिल्ह्यांशी थेट जोडलेला. मंजुरी आवाजी मतदानाने झाली. माकपचे विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. बाकीच्यांतले कोण काय म्हणाले, हे ‘होय’च्या गलक्यात विरून गेले. कायदा हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. पण खेड्यातल्या माणसाचा हात सर्वांना दिसावा आणि त्याच्या आमदाराचा कुणालाच दिसू नये, हे काही बरोबर नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बहुमताचा मार्गच सोडला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो. विषय आधी अभ्यासगटात चघळला जातो आणि एकाचेही मन नसेल तर थांबतात. वेळ लागतो, पण ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची पाळी कुणावर येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकांचा आवाज कमी झाला की हिशेब विचारणे सोपे जाते. म्हणून उमेदवार दारात आला की त्याला आधी पाणी द्या आणि मग तीन गोष्टी विचारा. मत कोणते दिले? देण्याआधी काय वाचले, कुणाला विचारले? आणि त्या मताची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या गावी नंतर कधी गेला होता का? मत चुकले असे तो म्हणतो की बरोबर होते असे, हे त्यानंतर ऐकू.