एका शेतात दोन धान्ये
(सांगवी येथे व्यापारी, जमीनमालक व देणगीदार यांच्या सभेत झालेले भाषण)



दुष्काळनिवारणाच्या कार्यास आपण आजवर सढळ हाताने साहाय्य केलेत, याबद्दल आभार मानून मी मुख्य विषयाकडे वळतो. भुकेल्यास अन्न देणे हा धर्म खराच. परंतु दिलेले धान्य महिन्याभरात सरते. त्याच द्रव्याचा काही भाग मृगापूर्वी बियाण्याच्या रूपाने दिल्यास घेणाऱ्यास पुढील वर्षी हात पसरावा लागण्याचा संभव पुष्कळ कमी होईल. मात्र हे बियाणे एकट्या बाजरीचे न देता बाजरी व तूर असे जोडीने द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

तिचे कारण दूर शोधावयास नको. येथून जवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान यांनी केली व १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १७७१ साली त्या गावी खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली, आणि १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली आढळली. आज तेथे व येथे सांगवीत शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. परंतु शिरूर-खेडकडील कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण तीच आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी खाते सुमारे सव्वातीन एकरांचेच आहे. एवढ्याशा जमिनीचा धनी एका पिकावर सर्व भिस्त ठेवील, तर एका पावसाच्या चुकीने तो कर्जात बुडेल.

आपल्या वाडवडिलांनी यावर उपाय योजिला होता. बाजरीच्या शेतात तूर, मूग, मटकी, हुलगा यांच्या ओळी घालण्याची चाल जुनी आहे. बाजरीच्या दोन ओळी व तुरीची एक ओळ, असे प्रमाण शेतीतज्ज्ञही आज सांगतात. बाजरी तीन महिन्यांत घरी येते. तोपर्यंत तूर सावकाश वाढत असल्याने तिची अडचण होत नाही. बाजरी निघाली की मोकळी झालेली जागा व जमिनीतील खोल ओल तुरीस मिळते आणि पौषाच्या सुमारास दुसरे पीक हाती येते. मघा कोरड्या जाऊन बाजरीचे कणीस भरले नाही, तरी उत्तरा-हस्ताच्या पावसावर तूर सावरते. मागचा पाऊस गेला, तर बाजरी आधीच कणगीत पडलेली असते.

व्यापारी मंडळींस हिशेबाची भाषा अधिक पटेल. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधनसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी ज्वारी व तूर यांच्या अनेक प्रयोगांचा ताळा घेऊन १९८० साली असे दाखविले की, उत्पन्न एका ठरावीक हलाखीच्या पातळीखाली जाण्याचा प्रसंग एकट्या तुरीस पाच वर्षांत एकदा, एकट्या ज्वारीस आठ वर्षांत एकदा, परंतु दोहोंच्या जोडपिकास छत्तीस वर्षांत एकदाच येईल. कर्ज देणाऱ्यास याहून चांगले तारण कोणते?

तुरीच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू हवेतील नत्र साठवितात. त्याचा लाभ शेजारच्या बाजरीस त्याच वर्षी फारसा होत नाही. पाला झडून व मुळे कुजून तो पुढील पिकास मिळतो. घरातही ही जोडी उपयोगी पडते, कारण बाजरीच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते. भाकरीबरोबर आमटी मिळालेले मूल नुसत्या भाकरीवर वाढणाऱ्या मुलापेक्षा सुदृढ होते. शिवाय गुरांस सरमाड व चुलीस तुराट्या मिळतात त्या निराळ्याच.

या उपायाने सर्व संकटे टळतील, असे मात्र मी म्हणणार नाही. १८७६ किंवा १९७२ सारख्या वर्षी पाऊसच फिरकला नाही, तेव्हा कोणत्याही पेरणीने कोठार भरले नसते. अशा वेळी अन्नछत्र व रोजगार यांस पर्याय नाही. तूर उभी असेतो त्या रानात रब्बीची पेरणीही होत नाही, हेही खरे.

आता मागणे स्पष्ट सांगतो. एकरी बाजरीचे किलो-दीड किलो व तुरीचे सुमारे दोन किलो बियाणे पुरते. म्हणजे तीन एकरांच्या कुटुंबास दहा-अकरा किलो बियाण्यात वर्षाची पेरणी साधते. देणगीदारांनी आपल्या देणगीचा काही भाग या कामी राखून ठेवावा. व्यापाऱ्यांनी बियाणे निवडक व वेळेवर, मृगापूर्वी, द्यावे आणि उधारीची वसुली एकाच सुगीस न करता दोन सुगींत वाटून घ्यावी. वाट्याने जमीन देणाऱ्यांनी तुरीच्या ओळीस हरकत घेऊ नये. आणि बाजरी निघताच गुरे रानात मोकळी सोडण्याची चाल तूर निघेपर्यंत आवरावी, कारण गरिबाची तूर पुष्कळदा अवर्षणाने नव्हे, तर शेजाऱ्याच्या गुरांनी जाते.

पेरणीचा दिवस कोणासाठी थांबत नाही. पाऊस पडल्यानंतर पोहोचलेले बियाणे आणि भूक लागून गेल्यावर आलेले ताट, दोन्ही सारखीच. म्हणून आपले साहाय्य आजच नोंदवावे, अशी हात जोडून प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.